हजेरीपटावरचे नाव : महाडच्या ठरावापासून पारलिंगी कामगाराच्या नोंदीपर्यंत

#इतिहास #धागा

१/ महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपल्या ताब्यातील चवदार तळे सर्व जातींना खुले असल्याचा ठराव केला. ठराव मंजूर झाला, दप्तरात गेला आणि तिथेच राहिला. पुढची तीन वर्षे अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्या तळ्यातून ओंजळभर पाणीही घेता आले नाही. हक्क कागदावर येणे आणि हक्क हाती येणे यांतले अंतर महाडइतके जवळून फार थोड्या गावांनी पाहिले आहे.

२/ या धाग्याचा विषय वेगळा आहे, पण अंतर तेच आहे. लिंगबदल केलेल्या किंवा जन्मनोंदीपेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या माणसाने नोकरीच्या ठिकाणी आपले नाव आणि लिंग यांची नोंद बदलून मागितली, तर काय होते? कायद्याने काय दिले, कचेरीने काय अडवले आणि महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास कसा घडला, याचा हा आढावा.

३/ आधी महाड थोडे नीट पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने आपला ठराव केला. तो अमलात आणण्यासाठी मात्र २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्यावर चालत जावे लागले.

४/ त्यानंतर काय झाले, हे अनेकदा सांगायचे राहून जाते. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावून तळे खासगी असल्याचे म्हटले आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा खालच्या न्यायालयातून वर चढत गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला आणि तो आंबेडकरांच्या बाजूने होता. १९२४ च्या ठरावाला न्यायालयाची पक्की मोहोर मिळायला तेरा वर्षे लागली.

५/ जातीचा अन्याय आणि लिंगओळखीचा अन्याय एकसारखे नाहीत. त्यांना एका मापाने मोजणे दोन्हींवर अन्याय करणारे ठरेल. मात्र प्रशासनाची एक सवय दोन्हीकडे दिसते. वरून आलेला हक्क खालच्या टेबलावर पोचतो, तेव्हा त्याला उघड नकार मिळत नाही. ‘तशी तरतूद आमच्याकडे नाही’ असे उत्तर मिळते.

६/ आता नावाकडे वळू. मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन भागांचे : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे, आणि आडनाव. पहिल्या भागातून बहुधा लिंग कळते, दुसऱ्यातून घर कळते, तिसऱ्यातून पुष्कळदा गाव आणि जातही कळते. कारखान्याच्या हजेरीपटावर हे तीन शब्द लिहिले की माणसाची अर्धी ओळख लिहून होते. त्यातला एक शब्द बदलायचा म्हणजे सगळी ओळख पुन्हा मांडावी लागते.

७/ यात भाषाही मध्ये येते. मराठीत प्रतिज्ञापत्र लिहिताना ‘लिहून देतो’ किंवा ‘लिहून देते’ यांपैकी एक क्रियापद निवडावेच लागते. इंग्रजी अर्जात लिंगाचा रकाना रिकामा सोडता येईल. मराठी वाक्यात तो पुष्कळ क्रियापदांत भरलेला असतो. म्हणून तहसील कचेरीबाहेर बसलेल्या टंकलेखकासमोर पहिले वाक्य सांगतानाच पारलिंगी माणसाला आपली बाजू घ्यावी लागते. प्रमाणपत्र अजून हाती यायचे असते. क्रियापद आधीच उच्चारून झालेले असते.

८/ नाव बदलणे या समाजाला नवीन आहे का? मुळीच नाही. महाराष्ट्रात लग्नात वधूचे नाव बदलण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाई. पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव असे तिन्ही शब्द एका दिवसात बदलत. बँका, शाळा, कंपन्या यांनी त्यासाठी अर्ज छापून ठेवले. दत्तक गेलेल्या मुलाचेही वडिलांचे नाव आणि आडनाव बदलते. यांतल्या कशालाही कोणी ‘अपवादात्मक प्रकरण’ म्हणत नाही.

९/ याच मातीतले दुसरे उदाहरण जिल्ह्याचेच आहे. महाड आणि पोलादपूर ज्या जिल्ह्यात आहेत त्याचे नाव कुलाबा होते. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, छापील नमुने बदलले. ‘जिल्हा कुलाबा’ लिहिलेला जुना सातबारा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही की तुझी जमीन नेमक्या कोणत्या जिल्ह्यात आहे. जुने नाव आणि नवे नाव एकाच भूमीचे आहे, हे प्रशासनाला समजावे लागले नाही.

१०/ म्हणजे नोंदवहीला नाव बदलता येते. लेखणी अडत नाही. अडते ते लिंगाच्या रकान्यापाशी, कारण त्या रकान्यामागे वेगळा इतिहास आहे.

११/ मराठा राज्यकर्त्यांच्या प्रदेशात काही हिजड्यांना गावांकडून धान्य किंवा पैसा घेण्याचा मान्य हक्क होता. काहींकडे इनाम जमिनीही होत्या. हा हक्क दप्तरात नोंदलेला असे आणि गुरूकडून चेल्याकडे जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील कंपनी सरकारने या हक्कांची चौकशी केली आणि ते पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. जी नोंद आधी उपजीविकेचा आधार होती, तीच निरुपयोगी ठरली.

१२/ १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात ‘युनक’ म्हणवल्या जाणाऱ्यांपैकी संशयितांची नावे आणि ठिकाणे नोंदवण्याची तरतूद होती. नोंदलेल्या माणसाने स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी वावरणे गुन्हा ठरले. त्याला दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे. ही तरतूद प्रथम उत्तरेकडील प्रांतांत लागू झाली. इथे नोंद हक्कासाठी नव्हती, पाळतीसाठी होती.

१३/ निजामाच्या राज्यातही १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ चा, असाच एक कायदा होता. मराठवाडा त्या काळी त्याच राज्याचा भाग होता. तेलंगणात हा कायदा एकविसाव्या शतकापर्यंत पुस्तकात राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पारलिंगी माणसाला कचेरीतल्या रजिस्टरची धास्ती का वाटते, याचे एक उत्तर शंभर वर्षांच्या या रजिस्टरांत आहे.

१४/ स्वतंत्र भारताच्या कागदपत्रांत स्त्री आणि पुरुष यांपलीकडचा रकाना फार उशिरा आला. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदार यादीत ‘इतर’ हा पर्याय दिला. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून नोंदलेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ होती. पॅन कार्डाच्या अर्जात स्वतंत्र पर्याय २०१८ मध्ये आला. प्रत्येक खाते आपापल्या गतीने चालले, त्यामुळे एकाच माणसाच्या खिशातली कार्डे एकमेकांशी विसंगत राहिली.

१५/ १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. तो ‘नाल्सा निकाल’ म्हणून ओळखला जातो. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या पीठाने स्वतःला जाणवणारी लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच असल्याचे मान्य केले. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा असल्याचेही सांगितले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या प्रकरणात न्यायालयासमोर उभ्या होत्या.

१६/ हा निकाल म्हणजे या प्रश्नातला १९२४ चा ठराव. तत्त्व मान्य झाले होते. पाणी अजून दूर होते. निकालाची प्रत घेऊन कंपनीच्या मनुष्यबळ विभागात गेलेल्या कामगाराला तिथला माणूस साधा प्रश्न विचारू शकत होता : नमुना कोणता, सही कोणाची, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा बदल करायला परवानगी कोण देणार?

१७/ महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण नोकरीतूनच उभे राहिले. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे नेमणुकीस असलेल्या पोलीस शिपायाने २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि पुढे पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहण्याची परवानगी मागितली. खात्यापुढे प्रश्न पडला, कारण भरती महिला शिपाई म्हणून झाली होती आणि महिला व पुरुष शिपायांचे शारीरिक निकष वेगळे होते. रजा नाकारली गेली.

१८/ प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने हा सेवाविषयक वाद असल्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. अखेर मे २०१८ मध्ये गृह विभागाने परवानगी दिली, त्याच महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे या नावाने ते पुन्हा कामावर रुजू झाले. २०२० मध्ये त्यांचा विवाह झाला.

१९/ या प्रकरणातला बोध दुहेरी आहे. एक : मालक ठरवील तर नोंद बदलते, नोकरीही टिकते आणि खात्याचे काम अडत नाही. दुसरा : ती नोंद बदलायला अर्जदाराला न्यायालय, वृत्तपत्रे आणि मंत्रालय असा प्रवास करावा लागला. ज्याला आपले खासगी आयुष्य महाराष्ट्रभर चर्चेला द्यायचे नाही, त्याने काय करावे? हक्क मिळवण्याची किंमत म्हणून गोपनीयता द्यावी लागत असेल, तर तो हक्क अपुराच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला होता, हे इथे आठवावे.

२०/ हीच अडचण युरोपात वेगळ्या रूपात आली होती. ब्रिटनमधील क्रिस्टीन गुडविन यांनी लिंगबदलानंतर नवी नोकरी धरली. नोकरीसाठी राष्ट्रीय विमा क्रमांक देणे भाग होते आणि त्या क्रमांकावरून मालकाला जुनी ओळख शोधता येत होती. त्यांनी नवा क्रमांक मागितला, सरकारने नाकारला. ११ जुलै २००२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यातून ब्रिटनचा २००४ चा लिंगओळख मान्यता कायदा आला.

२१/ गुडविन यांचे प्रकरण भारतीय कामगाराला ओळखीचे वाटेल. इथे विमा क्रमांकाच्या जागी भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन आहे. २०१४ पासून दिला जाणारा हा क्रमांक नोकरी बदलली तरी बदलत नाही. सोयीची गोष्ट आहे. मात्र त्या क्रमांकाखाली जुने नाव राहिले, तर प्रत्येक नव्या मालकापुढे जुनी ओळख आपोआप उघडी पडते.

२२/ भारतात २०१९ चा पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० रोजी अमलात आला. ओळख प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्याकडे दिला. त्या प्रमाणपत्राच्या आधारे सर्व शासकीय दस्तऐवजांत लिंगाची नोंद करावयाची होती. मात्र पारलिंगी ऐवजी स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले गेले. नाल्सा निकालाने जी अट नाकारली होती ती मागच्या दाराने परत आली, अशी टीका त्यावर झाली.

२३/ कायद्याने नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा असे सांगितले. ‘आस्थापना’ या शब्दात खासगी कंपनीही येत होती. सप्टेंबर २०२० च्या नियमांनी कंपन्यांना समान संधी धोरण जाहीर करण्यास सांगितले आणि प्रमाणपत्र दाखवल्यावर दस्तऐवज देणाऱ्या प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत बदल करावा अशी मुदत घातली. नोव्हेंबर २०२० मध्ये अर्जासाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले.

२४/ मात्र नियमांतल्या दस्तऐवजांच्या यादीचा भर जन्मदाखला, शैक्षणिक प्रमाणपत्र, पॅन, पारपत्र, बँकेचे पासबुक अशा कागदांवर होता. कंपनीचे रुजू पत्र, हजेरीपट, पगारपत्रक, अनुभवाचा दाखला यांबाबत कामगाराच्या हाती भेदभावबंदीचे सामान्य कलम आणि तक्रार अधिकारी एवढेच उरले.

२५/ आता हे महाड-पोलादपुरात ठेवून पाहू. समजा, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतला कामगार महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. त्याची जन्मनोंद ग्रामपंचायतीत, शाळेची नोंद जनरल रजिस्टरमध्ये, आधार तालुक्याच्या केंद्रात, प्रमाणपत्र देणारे जिल्हाधिकारी अलिबागला, नाव बदलाचे राजपत्र मुंबईतून आणि पगाराची नोंद कंपनीत. सहा ठिकाणी सहा नोंदी, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा कागद आधी मागतो. पोर्टलमुळे अलिबागची खेप वाचू शकते. उरलेली दारे तशीच राहतात.

२६/ यातल्या क्रमाला महत्त्व आहे. आधी आधार बदलले आणि कंपनीने पीएफची नोंद बदलली नाही, तर दोन नावे जुळत नाहीत. नावे जुळली नाहीत तर पीएफचा दावा अडकतो. म्हणजे आजारपणात किंवा घराच्या दुरुस्तीसाठी स्वतःचेच पैसे काढता येत नाहीत. ‘नाव बदलून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्याला याहून ठोस उत्तर देण्याची गरज नाही.

२७/ लिंगाचा रकाना पगारातही उतरतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर माफ झाला. पुरुषाला ही सवलत ७,५०० रुपयांपर्यंतच राहिली. १०,००० रुपयांच्या वर पगार असलेल्या पुरुषाकडून वर्षाला २,५०० रुपये कापले जात. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंधने होती आणि स्वच्छतागृहे स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असावीत असा नियम होता. त्यामुळे हा रकाना बदलला की कापलेला कर, पाळी आणि स्वच्छतागृहाचे दार एकाच वेळी बदलतात.

२८/ कंपनीच्या लिपिकाची अडचणही खरी असते. नोंद चुकली तर जबाब त्याला द्यावा लागतो. त्याच्या संगणकात दोनच पर्याय असतात. वरिष्ठ तोंडी ‘बघू’ म्हणतात आणि लेखी काही देत नाहीत. महाडच्या नगरपालिकेतही ठराव करणारे काही सदस्य मनाने सुधारक होते. पण तळ्यावर उभे राहून ‘पाणी घ्या’ म्हणण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर लिहिलेली नव्हती.

२९/ न्यायालये मधल्या काळात एकेक दार उघडत गेली. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली गुरू संजना जान यांनी महिलांसाठी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. तो फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवण्यास परवानगी दिली आणि त्या निवडूनही आल्या. त्यांच्या नावात वडिलांच्या जागी गुरूचे नाव आहे. मराठी नावाचा मधला शब्दही असा बदलू शकतो, हे न्यायालयाच्या कागदावर उमटले.

३०/ डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात तिसरा पर्याय नसल्याचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने खडसावल्यावर राज्य सरकारने अर्जात तो पर्याय देण्याचे मान्य केले. ‘सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही’ ही सबब काही दिवसांत दूर होऊ शकते, हे त्यातून दिसले. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका नामांकित शिक्षणसंस्थेच्या माजी विद्यार्थ्यालाही बदललेल्या नावाची आणि लिंगाची प्रमाणपत्रे मिळण्यासाठी याच न्यायालयात यावे लागले.

३१/ मूळ नोंदवही का महत्त्वाची, हे महाडला २०२१ च्या जुलैने शिकवले. २२ जुलैच्या पुरात शहरातली घरे, दुकाने, कपाटे पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. वाचलेल्यांना कागदपत्रांच्या दुय्यम प्रती काढाव्या लागल्या. दुय्यम प्रत नेहमी मूळ रजिस्टरवरून निघते.

३२/ ज्याने फक्त हातातले कार्ड बदलून घेतले आणि ज्याची मूळ नोंद जुनीच राहिली, त्याच्यासाठी असा पूर दुहेरी असतो. भिजलेल्या नव्या कार्डाच्या जागी कचेरीतून जुने नाव परत येते. म्हणून कंपनीकडून नुसते ओळखपत्र बदलून घेणे पुरेसे नसते. हजेरीपट, पगाराचे खाते, पीएफ, विमा, वारसाची नोंद आणि नोकरी सोडताना मिळणारा दाखला या सगळ्यांच्या मुळाशी बदल व्हावा लागतो.

३३/ अलीकडे एक दार थोडे रुंद झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये भविष्यनिर्वाह निधी संघटनेने सदस्याच्या ११ तपशिलांत बदल करण्याची कार्यपद्धती ठरवली. त्यांत नाव आणि लिंग हे दोन्ही होते. तिथे अर्ज कामगाराचा आणि मान्यता मालकाची, अशी जोडी होती. जानेवारी २०२५ मध्ये नियम सैल झाले. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला यूएएन असल्यास सदस्याला हे तपशील मालकाच्या मान्यतेविना बदलता येऊ लागले.

३४/ ही सुधारणा पारलिंगी कामगारांचा विचार करून झाली नव्हती. लाखो सामान्य कामगारांच्या नावांतल्या अक्षरचुकांमुळे दावे अडकत होते, त्यासाठी ती झाली. तरी तिचा लाभ ज्याला सर्वांत जास्त ताटकळत ठेवले जात होते त्यालाही झाला. पुष्कळदा हक्काचा रस्ता अशा साध्या दुरुस्तीतून निघतो : मध्ये उभा असलेला एक सहीवाला कमी करणे.

३५/ ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरी गमावलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेच्या प्रकरणात निकाल दिला. २०१९ च्या कायद्याची आणि २०२० च्या नियमांची अंमलबजावणी किती अपुरी आहे यावर त्यात बोट ठेवले गेले, भरपाई दिली गेली आणि समान संधी धोरणासाठी समिती नेमली गेली. कायदा होऊन सहा वर्षे होत आली, तरी तो अमलात आणा हे सांगायला न्यायालय लागले. महाडकरांना ही गोष्ट नवी वाटू नये.

३६/ १९२७ च्या मार्चमध्ये तळ्यावर गेलेल्या माणसांना पाण्याची चव पाहायची नव्हती, हे आंबेडकरांनी त्या वर्षीच स्पष्ट केले होते. प्रश्न माणूस म्हणून बरोबरीचा होता. हजेरीपटावरचे नाव मागणाराही एका शब्दासाठी भांडत नसतो. सकाळी पाळी सुरू होताना हजेरी घेणारा जे नाव पुकारतो, त्याला ‘हजर’ म्हणताना मान खाली जाऊ नये, इतकीच ती मागणी असते.

३७/ कुलाब्याचा रायगड झाला तेव्हा डोंगर जागचे हलले नाहीत, सावित्री नदीने पात्र बदलले नाही. जुन्या नावाचे कागद नव्या नावाच्या दप्तरात शांतपणे सामील झाले. एका जिल्ह्याला जे एका अधिसूचनेने मिळाले, ते एका माणसाला मिळायला अजून सहा कचेऱ्या लागतात. ठराव झालेला आहे. तळ्यापर्यंतचे अंतर मोजणे बाकी आहे.

(धागा समाप्त)